दालनातील गर्दी आणि कपाटातील ठेवा

हिवाळा सुरू झाला की शाळांच्या सहलींचा हंगाम येतो आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापाशी बसगाड्यांची रांग लागते. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मुले आत शिरतात, घुमटाखाली क्षणभर माना वर करतात आणि मूर्ती व चित्रे मागे टाकून निसर्गेतिहासाच्या विभागाकडे धाव घेतात. काचेमागचा वाघ, गवा, धनेश आणि रोहित पक्षी पाहून "हा खरा आहे का?" हा प्रश्न प्रत्येक पिढीतील मुलांनी विचारलेला आहे. शिक्षकांचे लक्ष मात्र डोकी मोजण्याकडे असते, कारण तासाभरात गेटवे ऑफ इंडिया गाठायचे असते. संग्रहालय पाहून झाले, असे सर्वांना वाटते.

वस्तुतः त्यांनी संग्रहालयाचा दर्शनी भाग तेवढा पाहिलेला असतो. जगातील कोणत्याही मोठ्या संग्रहालयात मांडलेल्या वस्तूंपेक्षा न मांडलेल्या वस्तू कितीतरी अधिक असतात. निसर्ग आणि मानव या दोहोंचा इतिहास सांगणाऱ्या संग्रहालयांत तर हे प्रमाण फारच व्यस्त असते. पेंढा भरलेला एक वाघ दालनात उभा असतो. पण पक्ष्यांची कातडी, टाचणीला टोचलेले कीटक, वाळवलेल्या वनस्पती, दगडी हत्यारे, खापरे आणि हाडे यांचे हजारो नमुने आतल्या खोल्यांत, खणाखणांतून पडून असतात. दालन हा लोकांसाठी आहे आणि खण हा अभ्यासकांसाठी, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ती चुकीची आहे आणि तिचे परिणाम महागात पडू लागले आहेत.

संग्रहालयाची कर्तव्ये मुख्यतः दोन. जमवलेले जतन करावयाचे आणि जतन केलेले लोकांना दाखवावयाचे. दोन्ही कर्तव्ये सारख्याच तोलाची असली तरी त्यांची मोजदाद सारखी होत नाही. किती तिकिटे खपली, किती शाळा येऊन गेल्या, नव्या प्रदर्शनाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे अहवालात ठळकपणे छापता येते. यंदा एकाही नमुन्याला कसर लागली नाही, एकही चिठ्ठी गहाळ झाली नाही, हे यश कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. जे मोजले जाते त्यासाठी पैसा मिळतो आणि जे मोजले जात नाही ते उपाशी राहते, हा सार्वजनिक कारभाराचा जुनाच अनुभव आहे. संग्रहालये त्याला अपवाद कशी असतील?

दोन आगींचा धडा

या उपेक्षेची परिणती काय होते, ते गेल्या काही वर्षांतील दोन आगींनी दाखवून दिले. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय ही स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये आकाराला आलेली कल्पना. ५ जून १९७८ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, ते लोकांसाठी खुले झाले. पण त्यासाठी जागा घेण्यात आली ती उद्योग-व्यापार महासंघाच्या इमारतीतील काही मजल्यांची, भाड्याने. दिल्लीतील शाळकरी मुलांच्या पिढ्या तेथे येऊन गेल्या. तेथील डायनासोरचे अश्मीभूत हाड पाहून थक्क झाल्या. मात्र जवळजवळ चार दशकांत या 'राष्ट्रीय' संस्थेला स्वतःचे छप्पर मिळाले नाही. २६ एप्रिल २०१६ च्या उत्तररात्री लागलेल्या आगीत तिची दालने बेचिराख झाली.

दुसरी आग ब्राझीलमधील रिओ दे जानेरोची. तेथील राष्ट्रीय संग्रहालय १८१८ मध्ये स्थापन झालेले. निसर्गेतिहास आणि मानववंशशास्त्र ही दोन्ही अंगे सांभाळणारे. एका जुन्या राजवाड्यात सुमारे दोन कोटी वस्तू होत्या. २ सप्टेंबर २०१८ च्या रविवारी, लोक घरी गेल्यावर, सभागृहातील वातानुकूलन यंत्रातून आग उद्भवली, असा निष्कर्ष पुढे पोलीस तपासात निघाला. बंबवाले आले तेव्हा आवारातील नळांना पुरेसे पाणी नव्हते. द्विशताब्दीच्या वर्षातच संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. ज्या भाषा बोलणारे आता कोणी उरलेले नाही अशा आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणे गेली. लक्षावधी कीटकांचे नमुने गेले. 'लुझिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे पुढे ढिगाऱ्यातून हाती लागले. पाच टनांहून अधिक वजनाची बेंदेगो उल्का तेवढी आगीला पुरून उरली. ती आकाशातून पडताना आगीतूनच आलेली होती.

या प्रसंगातील खरी शोकांतिका पैशाच्या हिशेबात आहे. २०१४ पासून त्या संग्रहालयाला देखभालीचे वार्षिक अनुदान पुरते मिळालेले नव्हते. जून २०१८ मध्ये तेथील विकास बँकेने मोठी रक्कम मंजूर केली आणि तिचा काही भाग अग्निसुरक्षेसाठीच होता. पैसा हाती पडण्याआधी आगच पोहोचली. आगीनंतर संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले की, कोणी तेथील वस्तूंची छायाचित्रे काढलेली असतील तर ती पाठवावीत. कालपर्यंत जे तिकीट काढून येणारे प्रेक्षक होते, ते आज स्मृतीचे राखणदार झाले. पण छायाचित्रातून कवटी परत मिळत नाही आणि मुक्या झालेल्या भाषेला पुन्हा आवाज फुटत नाही.

एका चिठ्ठीची किंमत

मेलेल्या पक्ष्यांची कातडी आणि जुनी हाडे सांभाळण्यात एवढा अर्थ कोणता, असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच एका कोपऱ्यात सापडते. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७० च्या दशकात शास्त्राला माहीत झाले. १८८० च्या दशकात खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाजवळच्या नमुन्यावर तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून जे शोध झाले ते व्यर्थ गेले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ स्त्रीने आणि तिच्या सहकाऱ्याने संग्रहालयांतील जुने नमुने एकेक करून तपासले, तेव्हा बनाव उघडकीस आला. माइनर्ट्झहागेन याने डेव्हिडसन यांचाच एक नमुना लंडनच्या संग्रहालयातून लांबवला होता. कातडे पुन्हा उसवून भरले होते आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. परंतु ते कातडे मुळात ज्या हाताने भरले, त्या हाताची ढब क्ष-किरणांपुढे लपली नाही. खोटी नोंद बाजूला सारल्यावर उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांनी जुन्या मुलखाची वाट दाखवली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, एकशे तेरा वर्षांनी, रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही त्याचे वास्तव्य आढळले.

या कथेचे तात्पर्य साधे आहे. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे नुसता पिसांचा बोळा, आणि खोट्या चिठ्ठीचा नमुना म्हणजे त्याहून वाईट. शंभर वर्षांपूर्वी कोणी कारकुनी काटेकोरपणे गाव आणि तारीख लिहून ठेवली, म्हणून एक जात पुन्हा हाती लागली. डेव्हिडसन यांना आपल्या नोंदीचा असा उपयोग होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. संग्रहाचे वैशिष्ट्य हेच की, त्याचा उपयोग जमवणाऱ्याला ठाऊक नसतो. तो पुढच्या प्रश्नांची वाट पाहत थांबलेला असतो.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील आहे. बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतील अंड्यांची कवचे तपासली. सुमारे १९४७ पासून ती अचानक पातळ झाल्याचे त्याने १९६७ मध्ये दाखवून दिले. हाच काळ डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा वापर पसरण्याचा होता. शौकाने अंडी जमवणाऱ्यांना पुढे डीडीटीचा शोध लागेल आणि आपले खण त्याविरुद्ध साक्षीला उभे राहतील, हे स्वप्नातही आले नसेल. जुन्या अंड्यांची केवळ छायाचित्रे उरली असती, तर कवचाची जाडी कोणी मोजली असती? सर्व वस्तूंची चित्रे यंत्रात साठवली की मूळ वस्तूंची निकड संपते, असे मानणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावा.

दार उघडणारा माणूस

मात्र याचा अर्थ संग्रहालयाने प्रेक्षकांकडे पाठ फिरवावी, असा मुळीच नाही. खण आणि दालन यांचे नाते किती जवळचे आहे, हे सलीम अली यांच्या चरित्रावरून कळते. १९०८ च्या सुमारास या मुलाने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. चिटणीस मिलार्ड यांनी बारा वर्षांच्या त्या मुलाला वाटेला लावले नाही. चिमणीची ओळख पटवून दिली आणि संस्थेतील पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्रह त्याच्यापुढे खुला केला. भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय त्या उघडलेल्या खणांतून सुरू झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कथेचा उत्तरार्ध तितकासा सुखद नाही. १९२६ मध्ये सलीम अली यांना प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. शाळा-महाविद्यालयांतून येणाऱ्यांना दालनातील वस्तूंचा अर्थ समजावून सांगणे हे त्या पदाचे काम. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीत अभ्यासाला गेले आणि १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. सलीम अली किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणींच्या विणीचा त्यांनी केलेला अभ्यास गाजला. शास्त्राचा फायदा झाला हे खरे; पण काटकसरीची कुऱ्हाड प्रथम कोणावर पडते, हेही त्यातून दिसले. खर्च कमी करावयाचा झाला की, समजावून सांगणारा माणूस हा पहिला अनावश्यक ठरतो. त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला, तरी या हिशेबात फारसा पालट झालेला नाही.

मुंबईच्या संग्रहालयाने या दिशेने अलीकडे केलेले प्रयत्न म्हणूनच दखल घेण्याजोगे आहेत. २०१५ पासून त्याचे फिरते संग्रहालय बसमधून गावोगावच्या शाळांपर्यंत जाऊ लागले. २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साहाय्याने 'भारत आणि जग' हे प्रदर्शन तेथे भरले. २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. २०२३ च्या अखेरीस भारतातील शिल्पांसमवेत ईजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे मांडण्यात आली. मुंबईबाहेर न गेलेल्या विद्यार्थ्याला जगाचा इतिहास समोरासमोर पाहता आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. असे उपक्रम चैनीचे आहेत, असे म्हणणाऱ्यांना लोकशिक्षणाचे मर्म कळलेले नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बाहेरच्या संस्था आपल्या वस्तू उसन्या देतात, त्या घेणाऱ्याकडे तापमान, आर्द्रता आणि सुरक्षितता यांची चोख व्यवस्था असेल तरच. म्हणजे चांगल्या प्रदर्शनाचा पाया जतनाच्या शास्त्रातच असतो. जो जतन करू शकत नाही त्याला फार काळ दाखवताही येत नाही.

देणगी आणि जबाबदारी

महाराष्ट्रातील संग्रहालयांचा इतिहास हा बव्हंशी नागरिकांच्या दातृत्वाचा इतिहास आहे. भायखळ्याचे, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १८७२ मध्ये उघडले, ते लोकवर्गणीचा हात लागूनच. १८८३ मध्ये याच संग्रहालयात आठ मुंबईकर एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. पुढे १९२२ मध्ये उघडलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला, म्हणजे १९९८ पासूनच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, याच संस्थेच्या साह्याने निसर्गेतिहासाचा विभाग लाभला आणि सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंचे कलासंग्रहही मिळाले. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवलेले दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा हजारो वस्तू आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केल्या.

देणाऱ्याने विश्वासाने दिले. घेणाऱ्याने ते स्वीकारताच एक करार झाला, मग तो कागदावर असो वा नसो. तो करार मोडण्यासाठी आगच लागावी लागते असे नाही. कोकणपट्टीची दमट हवा, वाळवी, बुरशी, गळके छप्पर आणि रिकामी पदे ही कामे शांतपणे करीत असतात. अभिरक्षक निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. किल्ल्यांचा जुडगा शिपायाकडे राहतो आणि नोंदवहीतील सांकेतिक खुणांचा अर्थ जाणणारा माणूस निघून गेलेला असतो. मग वस्तू असते, पण ती कोणती हे सांगणारे कोणी नसते.

हे केवळ मोठ्या संस्थांपुरते खरे नाही. राज्यातील जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांत काचेच्या बरण्यांतून मासे, साप, खेकडे ठेवलेले असत. फॉर्मॅलिन उडून जाते, चिठ्ठीवरची शाई फिकी पडते आणि एके दिवशी जागेची टंचाई भासू लागते. कार्यालयाच्या दृष्टीने ती बरणी जडसंग्रह नोंदवहीतील एक ओळ असते, मोडक्या खुर्चीच्या वरची किंवा खालची. खुर्चीबरोबर बरणीचेही निर्लेखन होते. नियमाप्रमाणे त्यात काही चुकलेले नसते. परंतु पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या नदीत कोणता मासा सापडत होता, याचा तो बहुधा एकमेव पुरावा असू शकतो, हे विचारण्याचा रकाना त्या नोंदवहीत नसतो.

ज्या राज्यात शाळांना धड वर्ग नाहीत, तेथे संग्रहालयांवर खर्च कसला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण गरीब समाजालाच सार्वजनिक संग्रहाची अधिक गरज असते. श्रीमंताचा मुलगा परदेशी जाऊन सारे पाहून येतो. कारकुनाच्या आणि शेतकऱ्याच्या मुलाला जगाचे दर्शन घडविणारी जागा म्हणजे ग्रंथालय आणि संग्रहालय. शिवाय मागणी आहे ती राजवाड्यांची नव्हे. प्रत्येक संग्रहालयाने आपल्या वस्तूंची यादी छापून लोकांपुढे ठेवावी आणि दरवर्षी तिची पडताळणी व्हावी. नव्या प्रदर्शनाला मंजुरी देण्यापूर्वी त्याच इमारतीतील विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ तपासले जावेत. अभिरक्षक आणि मार्गदर्शक व्याख्याता ही पदे कायम स्वरूपाची असावीत. वर्षातील काही दिवस विद्यार्थ्यांना लहान तुकड्यांनी आतल्या खोल्यांत नेऊन खण उघडून दाखवावेत. महाविद्यालयांतील जुने नमुने निर्लेखित करण्याआधी ते जाणकार संस्थेला दाखवण्याचा दंडक असावा. यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते.

शिक्षकांनाही आपल्या परीने यात भर घालता येईल. तासाभरात सबंध इमारत तुडवण्याऐवजी एकच दालन निवडावे, मुलांना आधी वर्गात त्याची ओळख करून द्यावी आणि तेथे गेल्यावर वस्तूपेक्षा तिच्याखालची चिठ्ठी वाचावयास लावावी. हे कोठे सापडले, कोणी आणले, केव्हा आणले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली की ती संग्रहालयापुरती राहत नाही. वर्तमानपत्रातील बातमी आणि पुढाऱ्याचे भाषणही मग त्याच कसोटीवर घासले जाते.

दिल्लीची दालने जळाली तेव्हा हळहळ झाली आणि विरली. रिओची आग दूरच्या देशातली म्हणून विसरली गेली. पुढची आग कोठे लागेल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती लागेल तेव्हा काय गेले याची यादी तरी हाताशी असेल काय, एवढा प्रश्न आज प्रत्येक संग्रहालयाच्या व्यवस्थापनाला विचारता येण्यासारखा आहे. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या दालनात कितीही गर्दी होवो, त्याचा ठेवा आधीच हरवू लागला आहे असे समजावे.